कॉलनीत नवीन आहात? इंदूरच्या उपनगरांतल्या मराठी घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्र नगर, सिलिकॉन सिटी, राऊ, निपानिया, बिचोली मर्दाना. इंदूर चारी बाजूंनी वाढतंय आणि या वस्त्यांमध्ये मराठी कुटुंबं सतत राहायला येत आहेत. कुणी पुण्या-नागपुराहून बदलीवर आलेलं, कुणी रामबागेतलं किंवा नारायण बागेतलं जुनं घर भावांमध्ये वाटून इकडे आलेलं. वाड्यात किंवा गल्लीत ओळखी आपोआप व्हायच्या. इथे फाटक आहे, गाडी थेट आत जाते, दार बंद होतं आणि वर्ष सरलं तरी समोरच्यांचं आडनाव माहीत नसतं. रहवासी संघ आणि मराठी मंडळ अशी दोन्हीकडे कामं करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

आम्ही नुकतेच राहायला आलो आहोत. सुरुवात कुठून करायची?

शेजारच्या दोन घरांपासून आणि समोरच्या घरापासून. संध्याकाळी सात-साडेसातला जा, नाव सांगा, फोन नंबर द्या-घ्या, पाच मिनिटांत परत या. वास्तुशांतीला बोलवू तेव्हा ओळख होईलच, असं म्हणून थांबू नका. त्या गर्दीत कुणीच कुणाला धड भेटत नाही.

मग सकाळी कॉलनीच्या बगीच्यात जायला लागा. आमच्याकडची निम्मी माहिती तिथल्या बाकांवर मिळते: नर्मदेचं पाणी कोणत्या दिवशी येतं, कुठला प्लंबर शब्द पाळतो, कुणाकडे पोळ्यांच्या बाई आहेत, कुणाच्या घरी आजारपण चालू आहे. रोज त्याच वेळी गेलात की आठवडाभरात लोक स्वतःहून बोलायला लागतात.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. संघाच्या माणसांना विचारा, “माझ्याकडे एखादं काम देता का?” पद मागू नका, सल्ला देऊ नका, काम मागा. बगीच्याचा नळ रात्री बंद करायचा, सूचनाफलकावरचे जुने कागद काढायचे, फोन नंबरांची यादी वर्षातून दोनदा तपासायची, अशी लहान कामं प्रत्येक कॉलनीत बेवारशी पडलेली असतात. ज्याच्याकडे असं एक काम आहे त्याला सगळे ओळखतात, कारण त्या कामासाठी त्याच्याकडे यावंच लागतं.

रहवासी संघात भाडेकरूंना जागा असते का?

मतदानाचा हक्क कुणाला, हे प्रत्येक संघाच्या नियमावलीवर ठरतं. बऱ्याच ठिकाणी तो घरमालकालाच असतो. पण बगीचा, सण, पाणी, सुरक्षा ही कामं भाडेकरूही करू शकतात आणि करतात. आमच्याकडच्या उत्साही माणसांत भाड्यानं राहणाऱ्या तरुण जोडप्यांचा वाटा मोठा आहे. “आपण कुठे इथे कायमचे राहणार” असं मनात आणू नका. तीन वर्षं काही थोडी नसतात, आणि मुलांचं तर त्यात अर्धं बालपण निघून जातं.

संघाची नोंदणी करायलाच हवी का?

बगीच्यात भजन आणि कोजागिरीचं दूध एवढंच करायचं असेल तर नाही केली तरी चालेल. पण पैसे गोळा करायचे, बँकेत खातं उघडायचं, नगर निगमशी (म्हणजे महापालिकेशी) किंवा बिल्डरशी पत्रव्यवहार करायचा, तर नोंदणी हवीच. मध्य प्रदेशात ती मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली होते आणि त्यासाठी किमान सात जण लागतात. फ्लॅटच्या इमारतींसाठी २००० सालचा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम वेगळा आहे. तुमची वस्ती प्लॉटची आहे की फ्लॅटची, ते आधी बघा आणि मगच कागद तयार करा.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट विचारून घ्या: कॉलनी बिल्डरनं नगर निगमला हँडओव्हर केली आहे का? केली नसेल तर रस्ते, दिवे आणि ड्रेनेजसाठी निगमकडे कितीही खेटे घातले तरी उत्तर मिळतं की हे आमच्याकडे नाही. मग रोख बिल्डरकडे ठेवावा लागतो, तोही सगळ्यांनी मिळून आणि लेखी.

तक्रार कुठे करायची? पार्षदांकडे, झोनवर की ॲपवर?

दिवा बंद, ड्रेनेज तुंबलं, कचरा उचलला नाही, अशा रोजच्या गोष्टींसाठी निगमचं ३११ ॲप. फोटो टाका, तक्रारीचा नंबर जपून ठेवा. एकाच दिव्यासाठी दहा घरांनी दहा तक्रारी करण्यापेक्षा एकानं करावी आणि तिचा नंबर सगळ्यांना कळवावा. तिथे दाद लागली नाही तर लेखी अर्ज घेऊन झोन कार्यालयात जा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. राज्य सरकारची १८१ ही हेल्पलाइनही आहे.

इंदुरात ८५ वॉर्ड आहेत आणि प्रत्येकाला एक पार्षद, म्हणजे नगरसेवक. त्यांच्याकडे दिव्याची तक्रार नेण्यात त्यांचाही वेळ जातो आणि आपलाही. बगीच्याला कुंपण, नवी पाण्याची लाइन, रस्त्याचं डांबरीकरण, अशा निधी लागणाऱ्या कामांसाठी त्यांना भेटा. जाताना पाच-सात घरांची माणसं हवीत, त्यात दोन-तीन बायका आणि एखादे आजोबा असावेत. एकटा माणूस गेला की ती त्याची वैयक्तिक तक्रार ठरते.

असं सगळ्यांनी मिळून मागितल्यानं खरंच काही होतं का?

होतं. ज्या नर्मदेच्या पाण्याची आपण एक दिवसाआड वाट बघतो, ते या शहराला आपसूक मिळालेलं नाही. नर्मदा इंदुरापासून साधारण सत्तर किलोमीटरवर, आणि मध्ये विंध्याचा चढ. एवढ्या उंचीवर पाणी चढवणं परवडणार नाही, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. १९७० मध्ये विद्यार्थी, व्यापारी, कामगार, गृहिणी असे सगळे रस्त्यावर उतरले, सरकारला योजना मान्य करावी लागली आणि १९७८ मध्ये जलूदहून पाणी शहरात आलं. त्या आंदोलनात अभ्यास मंडळाची माणसं पुढे होती. व्याख्यानं आणि चर्चा करणारी ही संस्था, आणि तिच्यात मराठी माणसं मोठ्या संख्येनं. आपल्या कॉलनीतल्या मुलांना ही हकिकत माहीत नसते. ती सांगायला हवी, नळ उघडल्यावर तर नक्कीच.

कचऱ्याबाबत नवीन माणसानं काय लक्षात ठेवायचं?

बाहेरगावहून आलेल्यांची इथे तारांबळ उडते, म्हणून जरा सविस्तर. इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत राहिलं, त्यामागे रोज सकाळी दारात येणारी गाडी आहे. गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक कचरा आणि ई-वेस्ट असे वेगळे कप्पे असतात. डायपर किंवा पॅड ओल्या कचऱ्यात गेलं की सफाई मित्राला ते हातानं बाहेर काढावं लागतं. त्याच्या हाताचा विचार केला की वेगळं करण्याचा आळस जातो. ओल्या कचऱ्यातून शहराच्या देवगुराडिया इथल्या प्रकल्पात बायो-सीएनजी तयार होतो. २०२२ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टन होती. तुमच्या डब्यात एक प्लास्टिकची पिशवी राहिली तर पुढे ती कुणाला तरी उपसावी लागते.

कॉलनी म्हणून करण्यासारखं काम म्हणजे बगीच्यातला पालापाचोळा. तो कुणी जाळू देऊ नये. कोपऱ्यात विटांचे दोन हौद बांधले की एक भरेपर्यंत दुसऱ्यातलं खत तयार होतं. आमच्याकडे हे काम दोन निवृत्त काका बघतात. तयार खत कुंड्यांसाठी घरटी वाटलं जातं आणि ते न्यायला आलेल्या माणसाला काका हौदात हात घालून माती हुंगायला लावतात. वास पावसाच्या मातीसारखा यायला हवा. आंबूस आला तर अजून पंधरा दिवस.

आमच्या कॉलनीत मराठी घरं थोडीच आहेत. मराठी मंडळ काढावं का?

दहा-बारा घरं असली तरी काढा. पण रहवासी संघाकडे पाठ फिरवून नको. आपल्याकडे असं होताना मी खूप पाहिलं आहे: मराठी घरं गणपतीला एकत्र येतात, नाटकाला एकत्र जातात आणि कॉलनीच्या बैठकीला त्यांच्यातलं कुणी नसतं. मग पाण्याचा प्रश्न निघाला की आपली बाजू मांडायला कुणी नाही म्हणून वाईट वाटून घेतात. मंडळ आपल्या भाषेसाठी आणि संघ आपल्या रस्त्यासाठी. दोन्हीकडे हजेरी हवी.

मंडळात काय करायचं, याला इंदुरात तोटा नाही. सानंद या संस्थेच्या मराठी नाटकांचं सभासदत्व घेतलेली घरं असतील तर खंडवा रोडच्या विद्यापीठ सभागृहात एका गाडीतून चौघं जाऊ शकतात. ज्येष्ठांसाठी हे फार मोलाचं, कारण रात्री परत कसं यायचं या एकाच काळजीनं त्यांचं नाटक सुटतं. महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्थेत वाचणारी, लिहिणारी माणसं भेटतात. कॉलनीतल्या कॉलनीत महिन्यातून एक संध्याकाळ मुलांना मराठी वाचून दाखवायची, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. इथली आपली मुलं घरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना हिंदीच्या सवयीनं वाचतात. ती सवय फक्त ऐकून आणि वाचूनच सुटते.

आणि आपले कार्यक्रम दार उघडं ठेवून करा. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणानं आणि फुलांनी संजा मांडतात, रोज नवी आकृती, शेवटी किलाकोट ही सगळ्यांत मोठी, किल्ल्याची आकृती. लगेच पुढे नवरात्रात आपला भोंडला येतो. एका वर्षी शेजारच्या माळवी काकूंना संजा मांडायला बोलवा आणि त्यांच्या नातींना भोंडल्याच्या फेरात घ्या. पाटावरचा हत्ती बघून मुली काय काय विचारतात ते ऐकण्यासारखं असतं, आणि खिरापत ओळखायच्या खेळात तर माळवी मुलीच जिंकतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही हेच. फक्त मराठी घरांची यादी करू नका, अख्ख्या गल्लीला बोलवा. पंजाबी आणि सिंधी शेजारणी वाण हौसेनं नेतात आणि पुढच्या वर्षी आठवण करून देतात.

सार्वजनिक गणपती कसा करावा? वर्गणी, मूर्ती, आवाज, सगळ्यावरून वाद होतात.

वर्गणी घरटी लहान आणि सगळ्यांना सारखी ठेवा. ज्यांना जास्त द्यायचं त्यांच्यासाठी पेटी ठेवा. माइकवरून नाव आणि रक्कम पुकारू नका. ज्याला कमी द्यावं लागतं तो पुढच्या वर्षी आरतीलाही येत नाही. पावती प्रत्येकाला द्या, एकावन्न रुपयांची असली तरी.

मूर्ती मातीची आणि लहान. विसर्जन कॉलनीतच मोठ्या टाकीत करता येतं आणि ते पाणी बगीच्यातल्या झाडांना घालता येतं. निर्माल्य वेगळं काढून खताच्या हौदात. मंडपाच्या विजेसाठी वीज कंपनीकडून अस्थायी कनेक्शन घ्या. खांबावर आकडा टाकू नका, पावसाळ्यात ओल्या मंडपात जीव जाऊ शकतो.

लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. हा देशभरचा नियम आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला: रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. माझ्या मते मंडपाच्या सगळ्यांत जवळच्या घरातल्या माणसाला समितीत घ्यावं. आवाजाचा त्रास त्यालाच आधी होतो, त्यामुळे बटण त्याच्याच हातात असलेलं बरं.

कार्यक्रमांची भपकेबाज यादी नसली तरी चालते. आमच्याकडे सर्वांत जास्त गर्दी होते ती सकाळच्या अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना आणि लहान मुलांच्या वेशभूषेला. अनंत चतुर्दशीच्या रात्री शहरात झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला एकदा तरी मुलांना घेऊन जा. कापड गिरण्यांच्या कामगारांची ही परंपरा. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला पुढे तीस वर्षांहून जास्त काळ गेला, आणि एवढ्या काळात त्यांनी झांकी काढणं सोडलं नाही. सार्वजनिक उत्सव कशाच्या जोरावर चालतो ते तिथे कळतं.

हिशेब कसा ठेवावा?

सगळ्यांना दिसेल असा. मांडव उतरल्यावर आठवडाभरात एक कागद फलकावर लागला पाहिजे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च: मूर्ती, मंडप, वीज, हार-फुलं, गुरुजींची दक्षिणा, प्रसाद, बक्षिसं, किरकोळ. “किरकोळ”च्या पुढचा आकडा मोठा असेल तर लोकांना शंका येते आणि ती रास्त असते. बिलं फाइलला लावा, खाली दोघांच्या सह्या घ्या, आणि त्या दोघांपैकी एक जण खर्च करणारा नसावा. कॉलन्यांमधली बहुतेक भांडणं पैसे खाल्ल्यामुळे होत नाहीत. हिशेब दाखवायला उशीर होतो म्हणून होतात.

भंडारा किंवा अन्नकूट करायचा आहे. डिस्पोजेबल प्लेट्स टाळता येतील का?

येतील. निमंत्रणातच लिहा: घरून ताट-वाटी-पेला आणावा. सुरुवातीला लोकांना अवघड वाटतं, दुसऱ्या वर्षी सवयीचं होतं. पाहुण्यांसाठी शंभर स्टीलची ताटं संघानं एकदाच घेऊन ठेवावीत, ती बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक घराला उपयोगी पडतात. दिवाळीनंतर इंदुरात आठवडे-आठवडे अन्नकूट चालतात. पुरी, रामभाजी (अनेक भाज्यांची मिसळ) आणि नुक्ती (गोड बुंदी) हा बेत ठरलेला. रामभाजी चिरायला आदल्या रात्री जी माणसं बसतात, त्यांच्यात जाऊन बसा. किलोभर भोपळा चिरून होईपर्यंत चार घरांशी ओळख होते.

आम्ही दोघंही नोकरी करतो. वेळच नाही. मेंटेनन्स देतो, तेवढं पुरे नाही का?

मेंटेनन्स वेळेवर देणं हीच मोठी मदत आहे, त्यात कमीपणा मानू नका. पण घरी बसून रात्री होणारी कामंही आहेत: हिशेबाची एक्सेल शीट, निगमच्या तक्रारींचा पाठपुरावा, अर्ज टाइप करणं. ज्येष्ठ मंडळींना नेमकी हीच कामं अवघड जातात. महिन्याला दोन तास पुरतात.

आई-बाबा महाराष्ट्रातून आमच्याकडे राहायला आले आहेत. हिंदी फारशी येत नाही, दिवसभर एकटे असतात.

त्यांना बगीच्यात स्वतः घेऊन जा, निदान पहिला आठवडा. कॉलनीत मराठी बोलणारे आजी-आजोबा निघतातच, आणि इथले अनेक हिंदी भाषक शेजारी मराठी समजतात. होळकरांच्या काळापासून हे शहर मराठी ऐकत आलं आहे. भजनी मंडळ, हास्य क्लब, दुपारचं पत्त्यांचं टेबल, जे असेल त्यात त्यांची ओळख करून द्या. आईंचा गुळपोळीत हात चांगला असेल तर शेजारच्या मुलींना शिकवू द्या. त्या बदल्यात त्यांना भुट्ट्याचा कीस आणि बाफले येतील.

एकटे राहणारे ज्येष्ठ खूप आहेत. त्यांच्यासाठी काय करता येईल?

मुलं बेंगळुरूला किंवा परदेशात, आणि तीन खोल्यांत एक आजी. हे चित्र जुन्या मराठी वस्त्यांत तर घराघरांत आहे. यासाठी मोठी योजना नको. एका वहीत प्रत्येक ज्येष्ठाचं नाव, रक्तगट, रोजची औषधं, डॉक्टर, मुलांचे फोन नंबर, आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते लिहून ठेवा. ही वही दोनच घरांत असावी, ग्रुपवर टाकू नये. रोज सकाळी दुधाची पिशवी दारातून उचलली गेली की नाही, एवढं समोरच्या घरानं बघायचं. नऊ वाजेपर्यंत तशीच असेल तर बेल वाजवायची. हे काम शाळेत जाणारी मुलंही करतात आणि फार जबाबदारीनं करतात.

झाडं लावायची आहेत. पावसाळ्यात मोहीम काढू का?

काढा, पण जेवढी जगवता येतील तेवढीच लावा. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या भेगांत रोपाची मुळं उघडी पडतात. म्हणून आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर हवा आणि मार्च ते जून पाणी हवं. प्रत्येक रोपाला एका घराचं नाव द्या. तारांखाली कडुनिंब, पिंपळ लावू नका, वीज कंपनीची माणसं दरवर्षी येऊन छाटतील. तिथे जास्वंद, पारिजातक, कढीपत्ता बरा.

भटक्या कुत्र्यांवरून दोन गट पडले आहेत.

नसबंदी आणि लसीकरणासाठी निगमला कळवा आणि खाऊ घालण्याची जागा व वेळ ठरवा. २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांत अशी जागा ठरवताना रहवासी संघानं पुढाकार घ्यावा अशी तरतूद आहे. मुलांची खेळायची जागा आणि फाटक सोडून एक कोपरा निवडा. खाऊ घालणाऱ्या माणसालाच लसीची नोंद ठेवायला सांगा, कुत्री त्याच्याजवळ येतात.

चौकीदार, घरकामाच्या ताई, माळी यांना यात कसं घ्यायचं?

त्यांना पंगतीत आपल्याबरोबर बसवा, शेवटी उरलेलं देऊ नका. दिवाळीचा बोनस संघानं एकत्र काढावा म्हणजे कुणाला कमी-जास्त मिळत नाही. चौकीदाराला रात्री बसायला पक्की जागा, पंखा आणि शौचालय आहे का, हा प्रश्न पुढच्या बैठकीत तुम्हीच काढा. कॉलनी बारा तास त्यांच्या भरवशावर असते.

संघात वर्षानुवर्षं तेच लोक आहेत. नवीन माणसाला शिरकाव मिळत नाही.

बरेचदा ते अडून बसलेले नसतात, त्यांच्या जागी दुसरं कुणी आलेलं नसतं. निवडणुकीची वाट बघू नका. गणपतीच्या आधी जी बैठक होते तिला जा. तिथे मूर्ती कुणी आणायची यावर दहा जण बोलतात आणि मंडपाच्या विजेचा अर्ज कोण करणार हे विचारलं की शांतता पसरते. तेव्हा हात वर करा. अर्जासोबत काय कागद लागतील ते वीज कंपनीच्या कार्यालयात दोन दिवस आधीच जाऊन विचारून घ्या, आणि संघाच्या लेटरहेडवर अध्यक्षांची सही त्याच रात्री घ्या.